'डेल्टा डॉन' : १३ वर्षांच्या गळ्यात ४१ वर्षांच्या बाईची गोष्ट

रानजाई

गेले आठ-दहा दिवस एकच गाणं डोक्यात ठाण मांडून बसलंय. तान्या टकरचं 'डेल्टा डॉन', साल १९७२. अमेरिकन कंट्री संगीत ऐकणाऱ्यांना ते माहीत असेलच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते.

टेनेसी राज्यातलं ब्राउन्सव्हिल गाव. तिथे ४१ वर्षांची एक बाई हातात सूटकेस घेऊन रस्त्याने फिरत असते. तरुणपणी ती गावात देखणी म्हणून नावाजलेली. काळ्या केसांचा एक परका माणूस आला, लग्नाचं वचन दिलं आणि निघून गेला. तो न्यायला येणार म्हणून ही अजून वाट बघतेय. बाप तिला अजून बाळच म्हणतो, गाव वेडी म्हणतं. तिच्या अंगावर कोमेजलेलं गुलाब आहे, आणि गाणारी विचारते, ते जुन्या दिवसांतलंच ना गं?

हे गाणं गाजवलं १३ वर्षांच्या मुलीने! पुढे मोठमोठ्या गायिकांनी ते गायलं, पण मला रडू येतं ते फक्त या मुलीच्या आवाजात. असं का व्हावं? जिला लग्न, वचन, फसवणूक यातलं काही माहीत असण्याचं वय नाही, तिच्या तोंडून हे इतकं खरं का वाटतं? आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त छळतोय : इतक्या लहान मुलीला असं गाणं द्यावं का?

जाणकारांनी लिहा. नुसते ऐकणारे असाल तरी लिहाच.

पारवा

आत्ताच ऐकलं. पहिल्यांदाच. आवाज ऐकून मला वाटलं तिशीची बाई असेल, मग तुमची ओळ परत वाचली. १३???

ऑफस्टंप

रानजाई, सुंदर विषय. मला या गाण्यामागचा किस्सा फार आवडतो. तान्याचा जन्म टेक्ससमधल्या सेमिनोलचा, १९५८ चा. वडील बांधकामावर काम करणारे, त्यामुळे गावं बदलत राहिली. ॲरिझोनातलं विलकॉक्स, मग नेव्हाडातलं हेंडरसन. पोरगी गाते म्हणजे गाते, हे वडिलांनी मनावर घेतलं होतं. तिची टेप नॅशव्हिलला बिली शेरिल या निर्मात्याकडे पोचली. टॅमी वायनेटचं 'स्टँड बाय युअर मॅन' ज्याने केलं तो हा माणूस, म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ.

शेरिलने तिला आधी दुसरं गाणं दिलं होतं, सगळ्या देशात मीच सर्वांत सुखी मुलगी अशा आशयाचं. वयाला अगदी शोभेल असं! तान्याने ते नाकारलं. पुढे तेच गाणं डोना फार्गोने स्वतः गायलं (लिहिलंही तिनेच होतं) आणि १९७२ मध्येच कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. म्हणजे नाकारलेलं गाणं पडेल नव्हतंच. मग शेरिलने टीव्हीवर 'टुनाइट शो'मध्ये बेट मिडलरला 'डेल्टा डॉन' गाताना ऐकलं आणि ते तान्याला ऐकवलं. हे तिला आवडलं.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : तिला ते 'दिलं' असं म्हणता येणार नाही. तिने निवडलं.

चिंतामणी_७१

ऑफस्टंप, किस्सा छान, पण निष्कर्ष पटला नाही. १३ वर्षांचं मूल काय निवडतं? मोठ्यांनी समोर ठेवलेल्या दोन-तीन गोष्टींतलं जे गायला मजा येईल ते. यात दोष मुलीचा नाही, पण 'तिने निवडलं' म्हणून मोठ्यांची जबाबदारी संपत नाही.

पुढचं बघा. १९७४ मध्ये, १५ वर्षांची असताना, तिला जे गाणं मिळालं त्यात दगडाळ रानात माझ्याशेजारी निजशील का असा प्रश्न आहे. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकारही दिला. त्यानंतर प्रसिद्धी, दारू, कोकेन. १९८८ मध्ये तिला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावं लागलं. सगळं एका गाण्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या वयात मुलं शाळेच्या सहलीला जातात त्या वयात ही बसने गावोगाव कार्यक्रम करत फिरत होती.

अबोली

चिंतामणीकाकांशी सहमत. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात दरवर्षी नऊ-दहा वर्षांच्या मुलींना नऊवारी नेसवून लावणी करायला लावतात. लोक टाळ्या वाजवतात, पुढच्या रांगेतले शिट्ट्याही मारतात. मी तिथून उठून जाते. गेल्या वर्षी बोलून दाखवलं तर 'तुम्हीच वाईट अर्थ काढता' असं ऐकून घ्यावं लागलं.

रानजाई

अबोली, तुझी चीड पोचली. पण मला या दोन्ही गोष्टी एक वाटत नाहीत गं. तिथे मुलीला मोठी बाई 'व्हायला' लावतात. 'डेल्टा डॉन'मध्ये गाणारी ती बाई होतच नाही. ती बाजूला उभी राहून तिला विचारते, की तू काय घातलंयस, तो आज भेटणार आहे का तुला? गाण्यात 'मी' जवळजवळ नाहीच. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे.

तंबोरा

रानजाई +१. हेच लिहायला आले होते.

मी गाणं शिकवते, तेव्हा जरा आवाजाबद्दल. तान्याचा आवाज त्या वयाच्या मानाने खालचा आहे, जाडसर, थोडा खरखरीत. मुलींचा आवाज साधारण गोड आणि वरचा असतो, तसा नाही. गोड आवाजात हे गाणं बाहुलाबाहुलीच्या लग्नासारखं झालं असतं. शिवाय ती शब्द सोडते ते बघा. ओळीच्या शेवटी लांबवत नाही, टाकून देते. हुंदका नाही, कंप नाही. दुःखाचं गाणं म्हटलं की आमच्या शिष्या लगेच गळा भरून आणतात, मी ओरडून थकते! या मुलीला कोणीतरी सांगितलं असेल किंवा तिला ते उपजतच होतं, पण ती रडत नाही. ती सांगते.

आणि सुरुवात! वाद्यं नाहीत, नुसते आवाज. ध्रुवपद आधी, कोरसबरोबर. तिथेच अंगावर काटा येतो.

वसईची_मार्था

तंबोराताई, त्या सुरुवातीबद्दल मी सांगते, कारण मी आमच्या चर्चच्या गायनवृंदात वीस वर्षं गातेय.

ते ध्रुवपद प्रेमगीताचं नाहीच. ते भक्तिगीत आहे! शेवटी काय येतं? तो तुला आकाशातल्या महालात न्यायला येणार आहे का? योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो की पित्याच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत आणि मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. इंग्रजीतल्या जुन्या भाषांतरात त्या जागांसाठी 'महाल' असाच शब्द आहे, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत चर्चमध्ये वाढलेल्या प्रत्येकाच्या तो कानात बसलेला असतो. म्हणजे येणारा तो काळ्या केसांचा माणूस कोण? पळून गेलेला प्रियकर, प्रभू, की मरण? गाणं उत्तर देत नाही.

आता १३ वर्षांच्या मुलीचा प्रश्न. प्रेमाचं तिला काय कळणार, मान्य. पण चर्चमध्ये सहा वर्षांची पोरं मरणाची आणि स्वर्गाची गाणी मनापासून गातात. त्यांना कोणी विचारत नाही की तुला मरण कळतं का. हे गाणं त्या बाजूने आलं तर लहान मुलीच्या तोंडी मुळीच विचित्र नाही.

पारवा

मार्थाताई, हे वाचून परत ऐकलं. आता तो 'महाल' शब्द आला की पोटात खड्डा पडतो.

गोंद्या

मी कंट्री कधी ऐकलेलं नाही, पण त्या संगीतात जी घसरत जाणारी गिटार असते तिच्यासाठी जीव टाकतो. आपल्याकडे हिंदी गाण्यांच्या धुना वाजवणारे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांची स्टील गिटार, तीच ना ही? वडिलांकडे तबकड्या होत्या.

ऑफस्टंप

गोंद्या, चुलत भाऊ म्हणा! मूळ एकच, हवाई बेटांवरची मांडीवर ठेवून तारेवर धातूचा तुकडा सरकवायची पद्धत. कंट्रीवाल्यांनी तिला पाय दिले, पेडल लावली, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या लावल्या, त्यामुळे एक सूर धरून दुसरा वाकवता येतो. वेगळा धागा काढा, मी येतो.

मेम्फिसकर

धागा उशिरा दिसला. मी गेली ११ वर्षं मेम्फिसला राहतो. ब्राउन्सव्हिल इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, नॅशव्हिलला जाताना हायवेवर पाटी लागते. गाण्यामुळे मुद्दाम एकदा उतरलो होतो. आजूबाजूला कापसाची शेतं, गावात कोर्टाचा चौक. बाहेर पडलं की वऱ्हाडातल्या मामाच्या गावाची आठवण होते, बोंडं फुटायच्या दिवसांत तर फारच. गायिका टीना टर्नर लहानपणी ज्या एका खोलीच्या शाळेत शिकली ती शाळाही उचलून ब्राउन्सव्हिलला आणून ठेवलीय, तिचं संग्रहालय केलंय. तिचं नटबुश गाव तिथून जवळच.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. हे गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी ॲलेक्स हार्वी हा याच ब्राउन्सव्हिलचा. त्याने मुलाखतीत सांगितलंय की गाणं त्याच्या आईवर आहे. आई मिसिसिपी डेल्टाकडची, मनस्वी, दारू पिणारी. हातात कायम सूटकेस आहे पण ती ठेवायला जागा नाही, अशी ती जगली असं तो म्हणायचा. हा १५ वर्षांचा असताना त्याच्या बँडला टीव्हीवर वाजवायची संधी मिळाली. आई पिऊन येईल आणि आपली लाज जाईल या भीतीने त्याने तिला येऊ नको म्हणून सांगितलं. त्या रात्री घरी परतल्यावर त्याला कळलं की आईची गाडी झाडावर आदळून ती गेली. तो अपघात नव्हता असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एका रात्री मित्रमंडळी झोपलेली असताना गिटार घेऊन बसला आणि त्याला समोर खुर्चीत आई बसलेली दिसली. तिथून हे गाणं निघालं. आईने आपल्याला माफ केलं असं त्याला वाटलं.

१५ वर्षांच्या मुलाची टोचणी आहे ही, रानजाईताई. मग १३ वर्षांच्या मुलीच्या तोंडी ती परकी कशी असेल?

अबोली

मेम्फिसकर, डोळे भरून आले.

तंबोरा

निःशब्द.

ऑफस्टंप

हे मला माहीत नव्हतं. यात एक भर घालतो. दुसरा गीतकार लॅरी कॉलिन्स. हा स्वतः बालकलाकार! १९५४ पासून बहीण लॉरीबरोबर 'कॉलिन्स किड्स' म्हणून कॅलिफोर्नियातल्या 'टाउन हॉल पार्टी' या कार्यक्रमात दिसायचा. दहा वर्षांचं पोर, हातात दोन मानांची गिटार, आणि असा काही वाजवायचा की कॅमेरा मागे पडायचा. म्हणजे गाण्याचा एक बाप आईला दुरावलेला मुलगा आणि दुसरा लहानपणीच मंचावर चढलेला.

चिंतामणी_७१

वाचतोय. मेम्फिसकरांच्या प्रतिसादाने माझं मत हललं, पण पूर्ण नाही.

त्या देशातलंच उलट उदाहरण देतो. ब्रेंडा ली. 'आय ॲम सॉरी' १९६० चं, ती १५ वर्षांची. तिच्या कंपनीने ते गाणं काही महिने तसंच ठेवून दिलं होतं, कारण एवढ्या लहान मुलीने तुटलेल्या प्रेमाबद्दल गाणं बरं दिसेल का याची त्यांना काळजी होती. म्हणजे मोठ्यांना हा प्रश्न पडायला हवा हे त्यांनाही कळत होतं. शेवटी गाणं बाहेर काढलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ती गोष्ट निराळी.

पारवा

काका, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध गेलं की! (हलकेच घ्या.)

चिंतामणी_७१

गेलं खरं. पण त्यांनी विचार केला, एवढंच मला म्हणायचंय.

सदू_बोरिवली

लिअ‍ॅन राइम्सचं 'ब्लू' विसरू नका. १९९६, तीही १३ वर्षांची. बिल मॅक नावाच्या टेक्ससच्या रेडिओ निवेदकाने पन्नासच्या दशकात लिहिलेलं जुनं गाणं. दुसऱ्या वर्षी ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट नवोदित आणि सर्वोत्कृष्ट कंट्री गायिका, दोन्ही तिलाच. १४ व्या वर्षी! मला मात्र 'ब्लू' ऐकताना 'बापरे काय गळा आहे' एवढंच वाटतं, गोष्ट आठवत नाही. त्यात आवाज उलटवण्याची करामत एवढी आहे की कान तिकडेच जातात.

तंबोरा

सदू, हाच तर फरक. आपल्याकडे कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिकांवरून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गायचे, लोक थक्क व्हायचे. मग देवधर मास्तरांकडे शिकले आणि ते हुबेहूबपण सोडून स्वतःचं शोधायला पुढची वर्षं गेली. नक्कल फार लहानपणी येते, ती ऐकणाऱ्याला चकित करते. 'डेल्टा डॉन'मध्ये मला चकित व्हायला होत नाही. मी त्या बाईकडे बघते, मुलीकडे नाही. १३ वर्षांच्या मुलीने स्वतःला इतकं बाजूला ठेवावं ही मला तिची खरी कमाल वाटते.

सदू_बोरिवली

हे पटलं. बाकी हेलन रेडीचं 'डेल्टा डॉन' कुणाला आवडतं का? १९७३ मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिलं आलं ते तेच. तान्याचं कंट्रीच्या यादीत सहावं, मुख्य यादीत पार खाली, ७२ वर. लोकांनी कौल रेडीलाच दिला होता.

ऑफस्टंप

रेडीचं मीही ऐकतो, मस्त बांधलंय. पण त्यात मिरवणूक आहे. वाद्यं चढत जातात, टाळ्यांचा मूड येतो. बाई सूटकेस घेऊन एकटी चाललीय हे मी विसरतो. आणि बघा, पहिलं आलं ते रेडीचं, पण आज हे गाणं म्हटलं की नाव तान्याचंच निघतं.

जैतापूरची_पोर

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

आमच्या वाडीत एक बाई होती. नाव नाही लिहीत, तिच्या घरचे अजून आहेत. नवरा बोटीवर कामाला होता, गेला तो आलाच नाही. पत्र नाही, मनीऑर्डर नाही. ती रोज संध्याकाळी चांगलं लुगडं नेसून, अबोलीचा वळेसर माळून एस्टीच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. शेवटची गाडी आली की परत. आम्ही पोरं तिच्या मागे मागे चालायचो, 'इलो गो इलो' म्हणून ओरडायचो. ती खरंच वळून बघायची. दर वेळी.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. एकदा सगळे पळाले आणि मी मागे राहिले. तिने मला विचारलं, 'फुलं सुकली काय गो माझी?' मी म्हटलं, 'नाय गो, बरी हत.' सुकली होती.

रानजाईताई, तुमचा धागा वाचून गाणं ऐकलं आणि पहिल्याच ओळीत ते कोमेजलेलं गुलाब आलं. मला वाटतं मोठी गायिका गाते तेव्हा ती त्या बाईची बाजू घेते, तिच्यासाठी रडते. लहान मुलगी बाजू घेत नाही. ती नुसतं विचारते, जसं मला तेव्हा विचारता आलं असतं. मोठी माणसं तिला काहीच विचारत नव्हती. ती आली की विषय बदलायची.

रानजाई

जैतापूरची पोर, तुम्ही लिहीत जा हो. एवढंच म्हणते. दोन दिवस मी काही लिहू शकले नाही.

मेम्फिसकर

काल रात्री हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती मालवणची. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, प्रत्येक वाडीत एक असतेच.

चिंतामणी_७१

जैतापूरकर ताई, नमस्कार स्वीकारा. मी माझा आक्षेप मागे घेत नाही, मुलांना गावोगाव फिरवण्याबद्दल तो राहीलच. पण या एका गाण्यापुरता मी गप्प बसतो.

ऑफस्टंप

काका, एक चांगली बातमी तुमच्यासाठी. 'डेल्टा डॉन'साठी तान्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं, बक्षीस नाही. पुढेही कितीदा नाव आलं, हात रिकामेच. २०१९ मध्ये तिने कित्येक वर्षांनी नवी गाणी असलेला अल्बम केला, ब्रँडी कार्लाइल आणि शूटर जेनिंग्ज निर्माते. २०२० मध्ये त्याला दोन ग्रॅमी. पहिलं ग्रॅमी हातात आलं तेव्हा बाई ६१ वर्षांची! त्यातलं एक मिळालेलं गाणं आहे, मला फुलं द्यायची तर आत्ता जिवंतपणी द्या, अशा अर्थाचं. २०२३ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्येही घेतलं. वाचली, टिकली आणि गातेय.

पारवा

गुलाबापासून फुलांपर्यंत. ती ६१ व्या वर्षाची गाणी आजच ऐकतो.

अबोली

रानजाई, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का पण?

रानजाई

मिळालं बहुतेक, आणि घरातच. माझी लेक तेराच वर्षांची आहे. काल तिला गाणं ऐकवलं, गोष्ट समजावून सांगितली. मला वाटलं विचारेल, ती वेडी होती का, किंवा तो माणूस परत आला का. तिने तसलं काही विचारलं नाही. म्हणाली, 'आई, तिच्या सूटकेसमध्ये काय असेल?'

मी म्हटलं, तुला काय वाटतं? तर म्हणे, 'एक चांगला ड्रेस. आणि बाबांचा फोटो, कारण तेच एकटे तिला बाळ म्हणतात ना.'

जैतापूरची_पोर

आमच्याकडच्या बाईच्या हातात पिशवी असायची. नवऱ्याचा सदरा होता तिच्यात, इस्त्री केलेला. ती गेली तेव्हा कळलं.